उचल

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात, अगदी मागच्या गेटाशी,
वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक काळा पडदा आहे.
त्यावर पांढरी अक्षरं.
बाकी काही नाही.
गोगरीशेठ म्हणतात, चालतंय ना? मग हात लावायचा नाही.

मला बोलावलं ते माऊससाठी.
फोनवर ऐकलं होतं तेच मी दारात म्हणाले,
"माऊस चालत नाही?"
पुंडलिक भोईर अर्ध्या तोंडाने हसले.
"चालत नाय? रातच्याला ये बघायला.
धन्याच्या थप्पीवर वरात असते नुसती."

मार्चमध्ये त्यांची उजवी बाजू गेली.
मेमध्ये तोंड बरंचसं परतलं, मागून पाय आला,
हात अजून यायचाय.
गाडीचा नंबर ते एकेक कळ शोधत लिहितात,
भरलेल्या वजनाला एकदा, रिकाम्याला एकदा,
पावतीवर तिसऱ्यांदा.
गेल्या आठवड्यात तीनाचा आठ झाला
आणि कुणाची तरी हळद पाच क्विंटलने फुगली.

मी टेबलाखाली शिरले.
हिरव्या भोकात हिरवी पिन.
मिरचीची एक शिंक, मग सलग चार.
वर येऊन लिहिलं: जीपीएम,
उणे एम, म्हणजे कुठे राहतोस,
उणे टी, म्हणजे जात कोणती.
चुकीची सांगितली गेली.
चौकोन थेट वरच्या कोपऱ्यात पळाला
आणि भिंतीला पाठ लावून थरथरत बसला.

मारला. परत उठवला. या वेळी आयएमपीएस-टू.
टेबलावरच्या काचेने लाल दिवा आंधळा केला,
तर पावतीबुकाचा पुठ्ठा खाली सरकवला.
आला.
बाण वगैरे नाही, साधा चौकोन,
ज्या अक्षरावर थांबेल ते उलटं करणारा,
पांढऱ्यावर काळं.

"हे बटण दाबून ओढा. नंबर उचलला.
आता खाली या. मधलं दाबा. ठेवला."
"मंग मधी कुठं व्हता?"
"दिसत नाही. पण असतो.
दुसरं काही उचलेपर्यंत तोच असतो."
भोईर गप्प झाले.
काट्यावर बसण्याआधी एकोणीस वर्षं पाठीवर पोती.
"मधी ते मणक्यात असतं," म्हणाले.
मग जरा वेळाने:
"आन ही उचल फेडायची किती येळा?"
"उचल एकदाच. ठेवायचं हवं तितक्यांदा."
"शेठला सांगू नको हां हे."

त्यांनी डावा हात पुढे केला तेव्हा
मला कळलं, मी सगळं उजव्यांसाठी मांडलंय.
मघापासून पडद्याकडे बघत होते मी,
माणसाकडे नाही.
तर्जनी भलत्याच बटणावर पडत होती
आणि ते शिव्या स्वतःला देत होते.

पुन्हा मारला.
उणे बी, तीन दोन एक.
एवढंच लिहायचं होतं.
डावीकडचा जेवणाचा डबा उजवीकडे गेला,
वायर कळफलकामागून फिरवून घेतली, जेमतेम पुरली.

बाहेर हॉर्न. एम एच त्रेचाळीस, गुंटूरची मिरची.
भोईरांनी नंबरावरून बोट ओढलं,
ओळ उलटी झाली,
ठेवली. ठेवली. ठेवली.
तिन्ही ठिकाणी तीन तीनच राहिला.
ते पडद्याला नाक लावून एकेक आकडा तपासत होते,
ड्रायव्हर खाली ओरडत होता.

"लाइट गेली तर?"
ते मी आधीच करून ठेवलं होतं.
मशीन उठताना जी फाइल वाचतं
तिच्यात तीन दोन एक.

रात्री साडेअकराला कोपरखैरण्यात
मी भात लावत होते तर फोन.
रात्रपाळीचा सणस.
"मॅडम, तुमचा माऊस उलटा चालतोय."
म्हटलं, बरोबर चालतोय.
हात बदला.